गिरणगांवची वांटणी

लालबाग, परळ, वरळी हा मुलूख साताऱ्या-रत्नागिरीच्या शेतकऱ्यांच्या पोरांनीं घाम गाळून उभा केला. १९८२ सालच्या १८ जानेवारीस अडीच लाख कामगार संपावर गेले आणि पुढें गिरण्या एकामागून एक थंड झाल्या. मग जमिनीचा प्रश्न आला.

१९९१ सालच्या नियमावलीनें गिरणीच्या जमिनीचे तीन वांटे सांगितले: एक महापालिकेच्या मैदानांस, एक म्हाडाच्या घरांस, एक मालकास. वांटणी वाजवी होती. पण २००१ सालीं सरकारनें नियम फिरविला. वांटणी फक्त मोकळ्या जागेची, इमारतींखालची सारी मालकाची! ही बांध कोरण्याची युक्ति शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही ती कायम केली. आज भोंग्याच्या जागीं काचेचे मनोरे आहेत. गल्लीला ऊनही उसनें मिळतें.

जुनी चाळ स्वर्ग होती असें आम्हीं म्हणत नाहीं. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीबदल्यांत ५०० चौरस फुटांचें घर मिळतें, हें चांगलेंच झालें. पण ती जमीन सरकारी होती म्हणून तें झालें, हें विसरूं नका. जमीन लोकांची राहिली तर घर लोकांस मिळतें. ती गेली कीं सोडतीच्या चिठ्ठीची वाट पाहणें उरतें.

बंधूंनो, गांवीं परतलेल्या आजोबांचे गिरणीचे कागद जपून ठेवा, आणि उरलेल्या हक्कासाठीं एकजुटीनें उभे रहा.