कोनान परतला, लोपेझ सरकला

८ नोव्हेंबर २०१० ला कोनान ओब्रायन टीबीएस या केबल वाहिनीवर परतला, तेव्हा अन्यायग्रस्त कसा जिंकला याचंच कौतुक चाललं होतं. अन्याय झाला होता, हे आम्ही नाकारत नाही. जे लेनोला रात्री ११.३५ ची वेळ द्यायची म्हणून एनबीसीने कोनानचा 'टुनाइट शो' १२.०५ वर ढकलायचं ठरवलं. त्याने नकार दिला, कोट्यवधी डॉलरची भरपाई घेऊन बाहेर पडला. चाहते त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले.

पण टीबीएसवरची ११ ची वेळ काही रिकामी नव्हती. तिथे जॉर्ज लोपेझ होता. मेक्सिकन वंशाचा. इंग्रजीतल्या अशा कार्यक्रमांत लॅटिनो सूत्रसंचालक शोधूनही सापडत नव्हता, तिथे त्याचा 'लोपेझ टुनाइट' जेमतेम वर्षाचा झाला होता. तो १२ वर गेला. ज्याने स्वतः अर्धा तास मागे सरकायला नकार दिला, त्याच्यासाठी लोपेझ एक तास सरकला!

लोपेझने तर कोनानचं जाहीर स्वागत केलं, असं आमचे मित्र म्हणतील. केलं. पण कोनानच्या नकारामागे एनबीसीवरची सोळा वर्षं होती, गर्दी होती. वर्षभराच्या कार्यक्रमवाल्याने 'नाही' कशाच्या जोरावर म्हणायचं?

ऑगस्ट २०११ मध्ये 'लोपेझ टुनाइट' बंद झाला. प्रेक्षक घटले होते म्हणे. मध्यरात्री ढकलल्यावर वाढणार होते थोडेच! कोनानसाठी फलक घेऊन उभे राहिलेले त्या दिवशी कुठे होते?