पुन्हा श्रीगणेशा

आमच्या वहिनी रांगोळी काढायला बसल्या की जिन्यावरून येणारी-जाणारी माणसे पाऊल जपून टाकीत. ठिपक्यांसाठी वहिनींनी कधी भोके पाडलेला कागद घेतला नाही की दोरी धरली नाही. चिमूट सुटली की ठिपका हवा तिथे पडायचा. गेल्या वर्षी वसुबारसेला आठ-दहा दिवस असताना सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला. त्या काही बोलू पाहत होत्या, पण शब्द येईना. पक्षाघात. जीव वाचला, दोन-तीन महिन्यांत वाचा बरीचशी परतली, काठी घेऊन चालणेही जमू लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला, परक्याची ठेव सांभाळावी तसा.

उन्हाळ्यात माझा पुतण्या बंगळूरहून आला तो एक बातमी घेऊन. "काका, आता रोबोकडून हाताचा व्यायाम करवून घेतात. आईला नेऊ या."

आमच्या दादांचा जन्म हिशेब तपासण्यात गेला. ते म्हणाले, "यंत्राने हात हलवला म्हणजे यंत्र हलले. हिचा हात कुठे हलला?"

ह्यावर बापलेकांची चांगलीच जुंपली. वहिनी गप्प होत्या. रात्री मी निघताना त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही वाचून सांगा. बरे वाटावे म्हणून नको. असेल तेच सांगा."

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. यंत्रातले मला काय कळणार? तेव्हा प्रथम शब्दालाच हात घातला. कारेल चापेक ह्या चेक लेखकाने 1920 साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले, आणि त्यातून 'रोबो' जगभर गेला. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. मूळ चेक शब्द 'रोबोता', म्हणजे चक्क वेठ! वहिनींच्या सेवेला वेठबिगार येणार म्हणायचा.

मग यंत्राकडे वळलो. अमेरिकेत बोस्टनशेजारी केंब्रिज येथे एमआयटी ही विख्यात संस्था आहे. तिथे 1989 पासून नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स ह्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एक यंत्र घडवले. नाव 'एमआयटी-मॅनस'. संस्थेच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ 'मन आणि हात'. त्यातल्या हाताला 'मॅनस' म्हणतात. आपल्या कानाला तो 'मानस' ऐकू येतो आणि मनाजवळचा वाटतो. चूक खरी, पण फार मोठी नाही, हे पुढे कळेल.

ह्या रोबोला डोके नाही, डोळे नाहीत. टेबलाला जोडलेला एक सांध्यांचा दांडा, बस. रुग्णाने खुर्चीत बसायचे, हात आधारावर ठेवून मूठ धरायची आणि समोरच्या पडद्याकडे पाहायचे. पडद्यावर मध्ये एक ठिपका आणि भोवती गोलात आठ ठिपके. मधून एकेका ठिपक्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. हे मी सांगितले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे ठिपक्यांचीच की हो!"

दादांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दांड्याच्या स्वभावात आहे. कारखान्यातला यंत्राचा हात ठरल्या जागी जाणार म्हणजे जाणार. मध्ये कोणी आले तर त्याची धडगत नाही. एमआयटीच्या दांड्याला नमते घेणे शिकवलेले आहे. रुग्ण स्वतः हात नेत असेल तर तो मुकाट्याने मागोमाग जातो. हात वाट चुकला तर हळूच वळणावर आणतो. हात निघालाच नाही तर थोडी वाट पाहतो, आणि मग पुढे नेतो.

वाचकहो, हे वर्णन वाचताना मला आमच्या शाळेतल्या गुरुजींची आठवण झाली. पाटीवर अक्षर काढून द्यायचे आणि आमचा हात धरून ते गिरवून घ्यायचे. आमच्या बोटांत थोडे बळ जाणवले की त्यांची पकड सैल होई. कधी सोडली ते कळतही नसे. गुरुजींनीच सगळे गिरवले असते तर अक्षर त्यांचे सुधारले असते, आमचे नाही. दादांची शंका अगदी रास्त होती. नुसता हलवून घेतलेला हात फारसे शिकत नाही. रुग्णाने स्वतः धडपड करावी आणि कमी पडेल तेवढेच यंत्राने घालावे, ह्यातच सारी खुबी आहे.

गिरवायचे कशासाठी? पक्षाघातात मेंदूचा जो भाग मरतो तो परत उठत नाही. पण त्याच्या आसपासचे भाग सरावाने त्याची थोडीफार कामे अंगावर घेऊ शकतात. त्यासाठी सराव भरपूर हवा, आणि घोडे नेमके तिथे अडते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32 च भरल्या होत्या. यंत्राच्या एका बैठकीत त्या हजारावर जातात. यंत्राला दम लागत नाही, कंटाळा येत नाही. वेठबिगार इथे कामाला येतो.

इथवर वाचून मी पुतण्याच्या बाजूचा झालो होतो. पण वहिनींनी 'असेल तेच' सांगायला बजावले होते, म्हणून पुढे वाचले.

न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स येथील बर्क रुग्णालयात 1994 मध्ये ह्या यंत्राचा रुग्णांवर उपयोग सुरू झाला. आरंभीचे निष्कर्ष उमेद वाढवणारे होते. पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 127 जणांवर प्रयोग झाला. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. सर्वांना झटका येऊन किमान सहा महिने लोटलेले. बारा आठवडे 36 बैठका. शेवटी नेहमीच्या उपचारांच्या मानाने ठाम फरक दिसला नाही. 36 आठवड्यांनंतर दिसला, पण तो 66 गुणांच्या मोजपट्टीवर तीनहूनही कमी. आणि तितकाच कसून सराव जेव्हा माणसांनी करून घेतला, तेव्हा यंत्र माणसापेक्षा सरस ठरले नाही.

2019 मध्ये ब्रिटनमधला 770 रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हाताची हालचाल थोडी सुधारली. पण वस्तू उचलणे, धरणे अशा कामांत नेहमीच्या उपचारांहून अधिक गुण आला नाही, आणि खर्चाच्या मानाने यंत्र परवडणारे ठरले नाही.

पुढच्या रविवारी मी हे सारे घरी वाचून दाखवले. पुतण्याचा चेहरा उतरला. दादा जिंकल्यासारखे हसणार असे मला वाटले होते. ते हसले नाहीत. त्यांनाही मनातून यंत्र हवेच होते.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "ते यंत्र वाट पाहते म्हणालात ना?"

"हो. रुग्ण स्वतः निघतो का, हे आधी पाहते."

"आपल्या घरात कोणी पाहत नाही."

खोलीत शांतता पसरली. खरेच होते ते. वहिनींनी हात उचलायच्या आत सून घास भरवी, दादा शालीची टोके सावरत, मी पाण्याचा पेला ओठांशी नेई. सगळे प्रेमाने. त्या प्रेमापायी आठ महिने त्या हाताला काही कामच उरले नव्हते. यंत्राने जे पहिल्या दिवसापासून पाळले, ते आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना सुचले नाही.

त्यानंतर फिजिओथेरपिस्ट बाईंशी सविस्तर बोललो. त्या म्हणाल्या, "यंत्राचे केंद्र जवळ असले तर जरूर जा. पण मोजणी आजपासून सुरू करा. खांदा दुखला की मात्र लगेच थांबायचे."

त्यांनी जेवणाच्या टेबलावर खडूने मध्ये एक आणि भोवती आठ ठिपके काढून दिले. वहिनींचा तळवा टॉवेलवर ठेवायचा आणि सरकवत एकेका ठिपक्याला न्यायचा. दादा समोर वही घेऊन बसतात. मदतीला हात पुढे करण्यापूर्वी मनात पाच अंक मोजायचे, असा नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतला आहे. पहिल्या दिवशी वहीत 18 ची नोंद आहे. बाईंच्या सल्ल्याने आकडा वाढवत वाढवत आता 240 पर्यंत आला आहे. केंद्रातही नाव घातले आहे. पाळी येईल तेव्हा जाऊ.

परवा दादांची वही पाहिली. जमाखर्चाच्या सवयीने त्यांनी एक रकाना जादा आखला आहे: 'मदतीवाचून'. त्यात त्या दिवशी 61 होते.

खांदा आणि कोपर ऐकू लागले आहेत. बोटे अजून उलगडत नाहीत, आणि रांगोळीची चिमूट तर बोटांचे काम. यंदा दारात ठिपके धाकटी नात घालणार आहे. वहिनी पाटावर बसून हात सरकवत जागा दाखवतील. हात त्या जागेपर्यंत पोचायला वेळ लागेल. आम्ही सगळ्यांनी थांबायचे ठरवले आहे.