विश्लेषण : दहा बाय दहाचा स्टुडिओ, आधी गादी की आधी सॉफ्टवेअर?

देवीची गाणी, भजन, वरातीचे गाणे किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करायला आता पुण्या-मुंबईचा स्टुडिओ गाठावाच लागतो असे नाही. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि दोन मॉनिटर स्पीकर एवढ्या सामानात लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही घरच्या खोलीत काम होऊ शकते. अडचण नंतर कळते. गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. खोलीत नीट वाटलेले गाणे डीजेच्या बॉक्सवर नुसते घुमते. दोष माइकचा नसतो, खोलीचा असतो. तो काढण्यासाठी खोलीचा आवाज सुधारणारे सॉफ्टवेअर घ्यावे की भिंतींना गाद्या लावाव्यात?

खोलीचा दोष म्हणजे काय?

दोष दोन प्रकारचे. पहिला, घुमण्याचा. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की मागे ‘टण्ण’ असा आवाज रेंगाळतो. गुळगुळीत प्लास्टरच्या भिंती आवाज शोषत नाहीत, एकमेकींकडे परतवत राहतात. दुसरा दोष खालच्या सुरांचा, म्हणजे बेसचा. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झचा सूर त्यांच्यामध्ये अडकून फुगतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १० फूट असतील तर तिन्ही दिशांचा फुगवटा त्याच सुरावर येतो. भिंतीजवळ तो सूर दणकतो, खोलीच्या मधोमध जवळपास गायब होतो. मधोमध खुर्ची टाकून मिक्सिंग करणाऱ्याला बेस कमी वाटतो, तो वाढवत नेतो आणि मग वरातीत गाणे घुमते.

या भागातील घरांचा काय संबंध?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने या पट्ट्यातील दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली. सध्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरलाही मोठा फटका बसला. पुनर्वसनात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. मातीने लिंपलेल्या ओबडधोबड भिंती, कोनाडे आणि लाकडावरचे माळवद गेले. सरळ, कडक भिंतींच्या लहान खोल्या आल्या. जीव वाचवण्यासाठी हा बदल गरजेचाच होता. पण ज्या भिंती सुरक्षित, त्याच आवाज परतवण्यात पटाईत. त्यामुळे इथे घरात स्टुडिओ थाटणाऱ्याने पहिला हिशेब खोलीचा करायला हवा.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

लॅटव्हियातील सोनारवर्क्सचे साउंडआयडी रेफरन्स, इटलीतील आयके मल्टिमीडियाचे एआरसी, स्वीडनचे डिरॅक लाइव्ह ही यातली ओळखीची नावे. फिनलंडची जेनेलेक कंपनी आपल्या स्पीकरसाठी जीएलएम ही प्रणाली देते. तपशील वेगळे असले तरी पद्धत साधारण एकच. स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा सूर वाजवला जातो. मोजणीचा माइक खुर्चीच्या आसपास ठेवून तो टिपला जातो. कुठला सूर फुगला, कुठला खचला याचा आलेख बनतो. मग सॉफ्टवेअर स्पीकरकडे जाणारा आवाज उलट्या दिशेने बदलते: फुगलेला सूर कमी, खचलेला जास्त. बेसचा फुगवटा उतरवण्यात ते खरोखर उपयोगी आहे. त्या सुराचे रेंगाळणेही त्याने कमी जाणवते.

मग ते पुरेसे का नाही?

तीन कारणे आहेत. पहिले, दुरुस्ती मुख्यतः एका जागेपुरती असते. खुर्ची दोन-तीन फूट सरकली की आलेख बदलतो. दुसरे, जो सूर दोन लाटा एकमेकींना मारून गायब झाला आहे, तो जोर लावून परत येत नाही. तो १० डेसिबलने वाढवायचा तर अँप्लिफायरला दहापट शक्ती लागते. लाट वाढते तशी तिला मारणारी परतलेली लाटही वाढते. खड्डा तसाच राहतो, स्पीकर मात्र ताणला जातो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि तेच बहुतेक वेळा विसरले जाते. हे सॉफ्टवेअर स्पीकरच्या वाटेवर बसते, माइकच्या नाही. गायक गातो तेव्हा माइकला आवाजाबरोबर खोलीही ऐकू येते आणि ती कायमची रेकॉर्ड होते. घुमारा काढून टाकणारी वेगळी सॉफ्टवेअर आता मिळतात. बोलण्यासाठी ती बऱ्यापैकी चालतात. गाण्यात मात्र आलापाची विरत जाणारी शेपटीही कापली जाण्याचा धोका असतो.

गादी हे काम कसे करते?

याचे उत्तर १८९५ सालचे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले गेले, पण तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, वाढवत नेत मोजणी केली. खोलीचे आकारमान आणि शोषणारे क्षेत्रफळ यांवर घुमणे ठरते, हे सूत्र त्यातून निघाले.

तेच सूत्र दहा बाय दहाच्या, १० फूट उंच, रिकाम्या खोलीला लावून पाहू. भिंती तीन टक्के आवाज शोषतात असे धरले तर घुमणे अडीच सेकंदांहून जास्त निघते. दार, खिडकी, सामान यांमुळे प्रत्यक्षात ते कमी असते. आता ४ बाय २ फुटांची, चार इंच जाड १२ पॅनेल लावली. म्हणजे ९६ चौरस फूट. मधल्या आणि वरच्या सुरांसाठी तीच वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत येते. हा फरक माइकलाही मिळतो आणि कानालाही, खुर्ची कुठेही असो.

गादीचीही मर्यादा आहे. ५६ हर्ट्झची लाट सुमारे २० फूट लांब असते. चार इंचांच्या थराला ती फारशी जुमानत नाही. तिच्यासाठी कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाड भर लागतो आणि तरीही थोडा फुगवटा उरतो. तिथे सॉफ्टवेअरची खरी गरज सुरू होते.

अंड्यांचे ट्रे आणि फोम?

ट्रे पातळ पुठ्ठ्याचे. त्यांनी खोली सुधारत नाही. एक इंची फोम फक्त वरचे, धारदार सूर खातो, त्यामुळे आवाज कोंदट होतो आणि घुमारा तसाच राहतो. स्वस्त फोम पेटही झटकन घेतो. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या ‘स्टेशन’ नाइटक्लबमध्ये भिंतीवरचा असाच फोम पेटून १०० जणांचा बळी गेला. कापूसही जळतो, त्यामुळे गाद्यांजवळ उघडी वायर, दिवा, उदबत्ती नको. आणि एक गैरसमज: यातले काहीही शेजारच्या ट्रॅक्टरचा आवाज थांबवत नाही. बाहेरचा आवाज रोखायला जड भिंत आणि फटी बुजवलेले दार लागते.

पैसा मोजका असेल तर क्रम कोणता?

पहिल्या पायरीला जवळपास खर्च नाही. खुर्ची मधोमधून हलवून एका भिंतीकडे न्यावी. गायकाच्या पाठीमागे कापसाची जाड गादी किंवा गोधड्यांची चळत उभी करावी. माइकचे तोंड गायकाकडे असल्याने त्याच्या मागची भिंत त्याला जास्त ऐकू येते. दुसरी पायरी पॅनेलची. सुताराकडून लाकडी चौकटी, आत रॉकवूल, वरून सुती कापड. रॉकवूल भरताना हातमोजे आणि मास्क हवाच. खुर्चीवर बसून दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगावे. आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. भिंतीपासून दोन-चार इंच अंतर ठेवले तर ते अधिक खालच्या सुरांपर्यंत काम करते.

तिसरी पायरी मोजणीची. त्यासाठी रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. विकतचे दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चौथ्या पायरीवर, उरलेल्या बेससाठी. फक्त हेडफोनवर मिक्सिंग करणाऱ्याला खोलीची दुरुस्ती लागतच नाही. रेकॉर्डिंगसाठी गादी मात्र त्यालाही लागते.

सॉफ्टवेअरची जाहिरात मोबाइलवर रोज दिसते, गादीची दिसत नाही. पण सॉफ्टवेअर एका खुर्चीवरचे ऐकणे सुधारते आणि गादी गाणे सुधारते. घरातून कलेचे काम उभे करू पाहणाऱ्या तरुणाने पहिला हजार रुपया कुठे घालायचा, याचे उत्तर त्यामुळे अवघड नाही: आधी गादी कारागिराकडे आणि सुताराकडे, मग सॉफ्टवेअरच्या दुकानात.