जोगलटेंभीच्या नाण्यांवरील ग्रीक

सिन्नरचे नाव निघाले म्हणजे गोंदेश्वराचे शिल्पवैभव आणि यादवांची आरंभीची राजधानी यांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो, आणि तो उचितच आहे. परंतु याच तालुक्यात, दारणा जेथे गोदावरीस मिळते तेथील जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा जो साठा उजेडात आला, त्याची वार्ता नाणकशास्त्राच्या छोट्याशा वर्तुळाबाहेर आजही क्वचितच ऐकू येते. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचे वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नाणी क्षहरात कुळातील राजा नहपान याची होती, आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. पराभूत राजाचे चलन वितळविण्याचीही तसदी न घेता, त्याच्याच मुखावर आपली चिन्हे दाबून ते बाजारात पुन्हा चालू करणे, ही विजयाची घोषणा जितकी स्वस्त तितकीच बोचरी म्हटली पाहिजे.

मात्र या नाण्यांविषयी जी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांच्या दर्शनी बाजूवर आहे. तेथे राजाच्या मुखवट्याभोवती, जो पाहताना रोमन सम्राटांच्या नाण्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही, ग्रीक अक्षरांची एक ओळ फिरते. मागील बाजूस ब्राह्मी आणि खरोष्ठी या लिपींत राजाचे नाव आहे. ग्रीक अक्षरे आहेत, म्हणून भाषाही ग्रीक असेल असे समजून कोणी कोश उघडून बसला तर त्याच्या हाती काही लागणार नाही, कारण ती ओळ प्राकृतच आहे: राजा क्षहरात नहपान याचे, एवढाच तिचा आशय. त्यातही एक खुबी अशी की, ग्रीक लिपीत जे चिन्ह दीर्घ एकाराचे काम करते तेच येथे ‘ह’काराकरिता योजिले आहे, आणि ही सवय ग्रीकांची नसून लॅटिन लिहिणाऱ्यांची होय. पुढे पुढे साच्यांतील ही अक्षरे बिघडत गेली आणि अखेरीस त्यांचा अर्थ कोरणाऱ्यालाच उमगत नसावा अशी त्यांची अवस्था झाली. चांदीच्या एवढ्याशा तुकड्यावर अलेक्झांड्रिया, रोम, गांधार आणि नाशिकलगतचे गोवर्धन यांचे असे संमेलन भरलेले असताना, प्राचीन ग्रीक आणि रोमन विद्येचे अध्ययन हा युरोपीय विद्यापीठांचा खासगी शौक आहे अशी जी आपली समजूत आहे ती कितपत टिकते, याचा विचार व्हावयास हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ग्रीक वाचता आल्यावाचून इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतील महाराष्ट्राचा इतिहास आपणांस स्वतंत्रपणे लिहिता येणार नाही; आज आपण जो लिहितो तो त्या बाबतीत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून लिहितो.

नहपानाच्या काळाचाच प्रश्न घ्या. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, त्याचा जामात उषवदात याचे जे लेख आहेत त्यांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षे येतात. जुन्नरच्या लेखात ४६ हे वर्ष येते. ही वर्षे शक संवताची मानली तर नहपान इसवी सन १२४ पर्यंत राज्य करीत होता असे ठरते. ती त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांची मानली तर मात्र हा सगळा पट मागे पहिल्या शतकात सरकतो आणि त्यामागोमाग गौतमीपुत्र, पुळुमावी व सातवाहनांची सारी सनावळीच सरकते. लेखांतून याचा निर्णय लागत नाही. निर्णयाचा एक मोठा आधार आहे तो ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या, इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात. त्यात भडोचच्या बाजूच्या राजाचे नाव आले आहे, आणि तो राजा म्हणजे नहपानच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आता हे पुस्तक कधीचे? ते साधारणतः इसवी सन ४० ते ७० यांच्या दरम्यानचे समजले जाते, आणि त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्यात नबातियन लोकांचा राजा मलिकस याचा उल्लेख आहे व त्या नावाचा राजा पेट्रा येथे याच सुमारास राज्य करीत होता. जॅकलीन पिरेन या विदुषीने हेच पुस्तक तिसऱ्या शतकापर्यंत खाली ओढण्याचा प्रयत्न केला होता; तो मान्य झाला नाही, पण मान्य झाला असता तर त्याचा हादरा सिन्नर तालुक्यातील या साठ्यापर्यंत पोहोचला असता. अरबस्तानच्या वाळवंटातील एका राजाच्या कारकिर्दीवर जोगलटेंभीच्या नाण्यांचा काळ अवलंबून असावा, हे वाचकास चमत्कारिक वाटेल. संशोधनाचा व्यवहार मात्र असाच गुंतागुंतीचा असतो.

शिवाय ‘पेरिप्लस’मधील भडोचच्या राजाचे नावच निर्विवाद नाही. मॅक्रिंडलच्या १८७९ च्या इंग्रजी भाषांतरात ते मांबरस असे आहे, शॉफच्या १९१२ च्या भाषांतरात नांबानस, तर कॅसनच्या १९८९ च्या आवृत्तीत मान्बानोस. या पुस्तकाची प्रमाणभूत हस्तलिखित प्रत एकच आहे, आणि ती दहाव्या शतकाच्या आरंभी बायझंटाइन साम्राज्यातील कोणा लेखनिकाने उतरलेली आहे. आज ती हायडेलबर्ग येथे आहे. पैठण आणि तेर ही नावे त्या लेखनिकाने उभ्या जन्मात ऐकली नसतील. मजकूर त्याला जागोजाग दुर्बोध झाला असेल. तरीही त्याने तो उतरला, आणि म्हणूनच पैठणचे गोमेद व तेरचे कापड गाड्यांतून भडोचला जात असे ही हकीकत आपल्यापर्यंत आली. बायझंटाइन विद्वत्तेला निर्जीव घोकंपट्टी म्हणून हिणविण्याची एक जुनी चाल युरोपात होती. आपण तरी ती उचलू नये. या लेखनिकाचे ऋण आपल्यावर फार मोठे आहे.

त्याच पुस्तकात राजासाठी आणावयाच्या जिनसांची यादी आहे: चांदीची मौल्यवान पात्रे, गाणारी मुले, अंतःपुराकरिता सुंदर कन्या, उंची मद्य. दुसऱ्या बाजूला नाशिकच्या लेखात त्याच राजाचा जामात गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवतो, २,००० दरमहा दरशेकडा एक या व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने, आणि त्यातून भिक्षूंच्या वस्त्रांची तजवीज करतो. दोन्ही साधने, एक ग्रीक व एक प्राकृत, शेजारी शेजारी मांडल्यावाचून त्या दरबाराचे चित्र पुरे होत नाही. एकट्या ग्रीक पुस्तकावरून नहपान विलासी ठरेल आणि एकट्या शिलालेखावरून त्याचे घराणे पुण्यशील.

ग्रीक-रोमन ग्रंथांशी आपला जो परिचय आहे तो बहुधा अभिमानाच्या प्रसंगापुरता असतो, ही माझी खरी तक्रार आहे. प्लिनीने हिंदुस्थान दरसाल रोमन साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो असे लिहिले, हे वाक्य आपल्या भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा फिरले आहे की जणू ते रोमच्या खजिन्यातील जमाखर्चाच्या वहीतूनच उतरून घेतले असावे. वस्तुतः प्लिनी हा चैनीवर कोरडे ओढणारा नीतिवादी लेखक होता. तो आकडा कोणत्या ओघात, कोणाला खिजविण्यासाठी येतो, हे त्याचा ग्रंथ वाचणाऱ्यासच कळेल. उलट, पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्यात उत्तरेकडील दत्तमित्री नगरातून आलेला एक यवन आपले नाव इंद्राग्निदत्त, बापाचे धर्मदेव आणि मुलाचे धर्मरक्षित असे सांगतो. हा मनुष्य रक्ताने ग्रीक होता काय, की ‘यवन’ हा शब्द तोवर नुसत्या पश्चिमेकडील रहिवाशाला लागू लागला होता? मार्गदर्शक पुस्तिकांना असले प्रश्न पडत नाहीत; त्या त्याला सरळ ग्रीक करून मोकळ्या होतात. आणि थोड्याच अंतरावर, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख तिच्या पुत्राला, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीला, शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक म्हणून गौरवितो! एकाच डोंगरात यवन दाताही आहे आणि यवनांचा संहारकही. या विसंगतीत जितका इतिहास आहे तितका अभिमानाच्या दहा भाषणांत नाही.

साहित्याच्या बाजूने मराठीने ग्रीकांकडे पाठ फिरविलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. विंदा करंदीकरांनी १९५७ साली अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लिसचा ईडिपस आणला. इतिहासाच्या बाजूने भगवानलाल इंद्रजी, रामकृष्णपंत भांडारकर आणि वा. वि. मिराशी यांनी नाणी व लेख यांच्या वाचनात जो अधिकार मिळविला तो अद्वितीय आहे. उणीव आहे ती या दोन प्रवाहांच्या मधल्या दुव्याची: ब्राह्मी आणि ग्रीक या दोन्हींवर सारखाच हात चालणाऱ्या अभ्यासकाची.

येथे एक आक्षेप हटकून येईल, की ज्या राज्यात संस्कृत आणि मोडी वाचणारे विद्यार्थी मिळण्याची मारामार, तेथे ग्रीकचे डोहाळे कशाला? आक्षेप अप्रामाणिक नाही. परंतु ग्रीक शिकलेले शेकडो विद्यार्थी कोणी मागत नाही. संपूर्ण महाराष्ट्रात चार-पाच माणसे तयार झाली तरी पुष्कळ. नाशिकजवळ अंजनेरीस १९८० साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे; पांडवलेणी तेथून फार दूर नाहीत; हायडेलबर्गच्या हस्तलिखिताची पाने आता घरबसल्या पाहता येतात. विद्यापीठाने एखादी अधिछात्रवृत्ती मंजूर करावी, तिच्या शर्तींत दोन वर्षे ग्रीक व एक वर्ष लॅटिन यांचे अध्ययन बंधनकारक करावे, आणि तीन वर्षांअखेर त्या अभ्यासकाकडून ‘पेरिप्लस’मधील दख्खनविषयक प्रकरणांचे मूळ ग्रीकवरून केलेले सटीप मराठी भाषांतर, नाशिक-जुन्नरच्या लेखांसह व जोगलटेंभीच्या नाण्यांच्या छायाचित्रांसह, छापून घ्यावे. यास लागणारी रक्कम एखाद्या महोत्सवाच्या मंडपखर्चाहून अधिक होणार नाही. आणि त्या पुस्तकाची पहिली प्रत कोठे ठेवावी असा प्रश्न निघालाच, तर सिन्नरच्या वाचनालयाचा हक्क मुंबई-पुण्याच्या आधीचा आहे.