चेहरा दुरुस्त करण्याची विद्या

मुलांनीं पुढें कोणता धंदा पत्करावा, याची चर्चा घरोघर चाललेली असते. तींत अलीकडे एक नवें नांव ऐकूं येऊं लागलें आहे. वस्त्रें, अलंकार व प्रसाधनें यांच्या जाहिरातींसाठीं काढलेलीं छायाचित्रें संगणकावर निर्दोष करून देण्याचा हा धंदा असून त्यास ‘रिटचिंग’ म्हणतात. वडील मंडळी तें ऐकतांच म्हणतात, ‘म्हणजे खऱ्याचें खोटें करण्याचाच हा उद्योग !’ आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु विद्येची परीक्षा केवळ तिच्या दुरुपयोगावरून करणें न्यायाचें नव्हे.

ही कला संगणकाच्या फार पूर्वींची आहे. इ. स. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत म्युनिकच्या हान्फश्टेंगल यानें निगेटिव्हवर हात फिरवून सुधारलेले फोटो मांडले, असें फोटोग्राफीच्या इतिहासांत सांगतात. सुरकुती फोटोंत काळी उतरते, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा जास्त पारदर्शक असते. तेथें रोगणाचा पातळ थर देऊन, सुईसारखें टोंक काढलेल्या कठीण पेन्सिलीनें ती भरीत. मग छापलेल्या कागदावर ती उजळ दिसे. हॉलिवूडच्या नटनट्यांचे जुने गुळगुळीत चेहरे कांहींसे दिव्यांचे, तर कांहींसे या पेन्सिलीचे होत. १९९० सालीं ‘फोटोशॉप’ निघालें, तरी अंधाऱ्या खोलीची खूण त्यांत राहिलीच आहे. ‘डॉज’ या हत्याराचें चिन्ह काडीच्या टोंकावरील टिकली आहे, व ‘बर्न’ याचें चिन्ह वळलेला हात आहे. पूर्वीं फोटो मोठा करून छापतांना टिकलीनें उजेड अडविला, म्हणजे तो भाग फिका उतरे; हाताच्या पोकळींतून जास्त उजेड दिला, म्हणजे तो गडद होई.

शिकणाऱ्याचा पहिला धडा, आमच्या मतें, हत्याराचा नसून दृष्टीचा आहे. नवशिका सारी त्वचा एकदम धूसर करून टाकितो. रंध्रें व लव नाहींशीं होतात आणि चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा दिसूं लागतो. जाणता कारागीर त्वचेचा पोत राखून ऊन-सावलीची विषमता तेवढी सारखी करितो. मूळ चित्रास न शिवतां तो वर निराळा थर घेतो, म्हणजे चूक झाल्यास पुसतां येते. कुंचल्याचा प्रवाह तो इतका मंद ठेवितो कीं, एका फटकाऱ्यानें फरक जेमतेम जाणवावा. रंग एका थरावर व पोत दुसऱ्या थरावर निराळा करण्याचीहि एक युक्ति आहे. तिला ‘फ्रीक्वेन्सी सेपरेशन’ म्हणतात. पण ती घाईच्या हातीं लागली, तर पुन्हां तीच मेणाची बाहुली. मधून मधून चित्र लहान करून व आरशांतल्याप्रमाणें उलटें फिरवून पाहावें लागतें, कारण फार वेळ पाहिलेला दोष डोळ्यास दोष वाटत नाहीं. अशा रीतीनें एकेका चेहऱ्यामागें कित्येक तास जातात.

दुसरा धडा विवेकाचा. आयुर्वेदांत रोगांचे निज व आगंतु असे भेद केलेले आहेत. चेहऱ्यालाहि असाच भेद लागू करावा. कालची पुटकुळी, अपुऱ्या झोपेनें आलेली डोळ्यांखालची काळिमा, वाऱ्यानें उडालेली बट, हें सर्व आगंतुक. तीळ, जुना व्रण, नाकाची ठेवण, केसांचा कुरळेपणा, वर्ण, हें त्या माणसाचें निज. जें पंधरवड्यांत आपोआप जाईल तें खुशाल काढावें. जें राहणार आहे तें ज्याचें त्यास विचारल्यावांचून काढूं नये. हा भेद विसरल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. ल्युपिटा न्यॉन्गो या नटीचे केस २०१७ सालीं ‘ग्राझिया’ नियतकालिकाच्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पुसून टाकण्यांत आले; तिनें उघड निषेध केला, तेव्हां फोटोग्राफरास क्षमा मागावी लागली. ज्युलिया रॉबर्ट्स हिच्या चेहऱ्याची एक प्रसाधन-जाहिरात ब्रिटनमध्यें २०११ सालीं रिटचिंगच्या कारणावरून बंद करण्यांत आली. फ्रान्समध्यें तर १ ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीच्या फोटोंत शरीर बारीक किंवा जाड केलें असल्यास तसें छापण्याची सक्ति आहे.

परंतु परदेशच्या नट्यांची काळजी वाहण्यापूर्वीं आपण आपल्या घराकडे पाहावें. उपवर मुलीचा फोटो काढावयाचा असला, म्हणजे ‘जरा उजळ करा’ अशी सूचना फोटोग्राफरास कोण देतें ? बहुधा घरचेंच वडील माणूस, आणि तेंहि मुलीच्या देखत. हल्लीं तर कित्येक फोन न विचारतांच हें काम उरकतात. ‘फेअर अँड लव्हली’ या मलमानें २०२० सालीं आपल्या नांवांतून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. आपल्या बोलण्यांतून तो अद्याप गेलेला नाहीं. पाहावयास आलेल्या मंडळींची नजर एकदां फोटोवर व एकदां मुलीवर जाते, तेव्हां होणारा अपमान फोटोग्राफरचा नसतो. आणि मंडळी येण्यापूर्वींच त्या मुलीस कळून चुकलेलें असतें कीं, आपल्या आईबापांनीं, काकाकाकूंनीं, आपला वर्ण पुसून टाकण्याजोगा दोष मानिला. ही फसवणूक परक्यांची होण्याआधीं आपल्याच लेकराची होते.

तेव्हां घरांतील मुलास किंवा मुलीस ही विद्या शिकावयाची असेल, तर तिला आडवें येऊं नये. आधीं कांहीं महिने पेन्सिलीनें चेहरे रेखाटावयास सांगावें, म्हणजे गालाचें हाड कोठें आहे व सावली कोठून पडते हें हातास कळेल. मग संगणक द्यावा. आणि सरावासाठीं घरच्यांचे फोटो दिल्यास आजीच्या सुरकुत्या व ताईचा सांवळा रंग जागच्या जागीं राहिले आहेत कीं नाहींत, एवढें मात्र स्वतः पाहावें. बाकीचें गिऱ्हाईक शिकवील. हें शिकविणें घराचें काम आहे.