नशाबंदीचा कायदा प्रथम कोणाच्या दारी?

अमली पदार्थांविरुद्ध पोलिसांनी कडक मोहीम काढावी, अशी मागणी कर्वेनगर, कोथरूड, वारजे या भागांतील नागरिकांकडून वारंवार होते. अण्णासाहेब कर्वे यांनी हिंगण्याच्या माळावर ज्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याचा पाया घातला, त्याच्या भोवती आज विद्यार्थ्यांची मोठी वस्ती झाली आहे. पालकांना घोर लागावा यात नवल नाही. मागणी रास्तच आहे. परंतु अशी मोहीम निघाली म्हणजे ती प्रथम कोणाच्या दारी जाऊन उभी राहते, याचा विचार ती मागणाऱ्या सुशिक्षितांनी अवश्य करावयास हवा.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यामागील हेतूविषयी, किंवा मोरारजी देसाई यांच्या निष्ठेविषयी, शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याच कायद्याने सरकारच्या हाती परवाने व सवलती देण्याचा अधिकारही ठेवला. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना, परदेशी पाहुण्यांस परवाना, लष्करी मेसला सवलत! बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची काही कलमे रद्द केली, परंतु लष्करास दिलेली सवलत वैध मानली. ज्याच्यापाशी डॉक्टरचा दाखला, त्याचा पेला कायदेशीर झाला. ज्याच्यापाशी हातभट्टीचे पिंप, त्याच्यावर धाड आली.

ही धाड कोणत्या वस्तीवर जावी, हेही जणू आधीच ठरलेले होते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती केल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणवू लागल्या. तथापि १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कुंपण गेले, पोलीस ठाण्यातील संशय मात्र राहिला. पूर्वापार धंदे बुडालेली, जमीन नसलेली काही कुटुंबे हातभट्टीकडे वळली, तेव्हा त्या संशयाला आयताच पुरावा सापडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेले कामवाटप आणि विमुक्तांविषयीचे भेद घटनाबाह्य ठरवावे लागले, यावरून हा वारसा किती चिवट आहे ते दिसते.

अमेरिकेत हीच गोष्ट वर्णाच्या रूपाने घडली. निक्सन यांनी १९७१ साली अमली पदार्थांना देशाचा पहिला शत्रू म्हटले. रेगन यांच्या सहीने १९८६ साली कायदा झाला. पाच ग्रॅम ‘क्रॅक’साठी जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच भुकटीच्या कोकेनसाठी पाचशे ग्रॅमला! क्रॅकच्या खटल्यांतील आरोपी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हे शंभरास एक प्रमाण २०१० साली अठरास एक झाले. पुढे ओबामा यांनी १,७१५ कैद्यांच्या शिक्षा कमी केल्या. त्यांतील बहुतेक याच गुन्ह्यांतील होते. बायडेन यांनी २०२२ साली केवळ गांजा बाळगल्याबद्दल केंद्रीय कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना माफी दिली. राष्ट्राध्यक्षाच्या लेखणीचे हे दोन्ही पराक्रम! माफी उदार खरी. पण ती आली तेव्हा अनेकांच्या तरुणपणाची वर्षे तुरुंगात गेली होती.

आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही सत्तेचा हात असाच दोन बाजूंनी चालतो. त्यातील कलम ३२ अ ने शिक्षेत सूट देण्यास व ती स्थगित करण्यास मनाई केली. ‘दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयांचा अधिकार परत दिला आणि राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या क्षमाधिकाराला या कलमाने बाध येत नाही, हेही स्पष्ट केले. मात्र क्षमेचा अर्ज लिहिण्यास वकील लागतो. मोठ्या साठ्याच्या प्रकरणांत कलम ३७ मुळे जामीन दुरापास्त होतो, तेथेही वकीलच लागतो. आणि ज्याच्या घरी चार माणसे धावपळ करणारी नाहीत, तो कच्चा कैदी म्हणून तुरुंगात पडून राहतो. २०२२ अखेर देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते.

याच कायद्यात कलम ६४ अ आहे. व्यसनी माणूस स्वेच्छेने उपचार घेण्यास तयार झाला, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला होऊ नये, अशी त्याची तरतूद. चांगल्या घरचा मुलगा सापडला म्हणजे त्याचे वडील हे कलम शोधून काढतात. झोपडपट्टीतील मुलाला ते कोण सांगणार? ते सांगण्याची सक्ती ठाणे अंमलदारावर हवी, आणि सांगितल्याची नोंद मुलाच्या सहीनिशी व्हावयास हवी.

दुसरी मागणी हिशेबाची. बंद्यांची अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास अशी वर्गवारी प्रसिद्ध होते. महाराष्ट्र सरकार विमुक्तांना आरक्षण व जातीचे दाखले देते, तेव्हा त्यांची वेगळी नोंद ठेवणे त्याला अशक्य नाही. पुणे पोलिसांनी अमली पदार्थांखालील दर वर्षाच्या अटकांत अल्प प्रमाणाच्या किती, मोठ्या साठ्याच्या किती, अटक झालेले कोणत्या वस्तीतील व समाजातील, आणि किती जणांना उपचारांसाठी पाठविले, हे नावे वगळून जाहीर करावे. पोलीस आयुक्तांनी पहिला तक्ता येत्या वर्षअखेर प्रसिद्ध करावा, आणि तोपर्यंत मोहीम थांबविण्याचे मुळीच कारण नाही.