'वेळ नाही' असे कोणी म्हणावे?

आपल्या धर्मग्रामांतून एक वाक्य अलीकडे इतक्या सहजतेने कानी पडते की, ते श्रद्धेच्या कलमांपैकीच एक असावे असे वाटू लागते : 'सकाळच्या प्रार्थनेला वेळच मिळत नाही.' संगमनेर असो, राहाता असो, श्रीरामपूर वा राहुरी असो, तालुका बदलतो, सबब बदलत नाही. या सबबीचा एकदा सोक्षमोक्ष लागला पाहिजे. ती सर्वस्वी खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. काहींच्या मुखी ती खरी आहे, पुष्कळांच्या मुखी खोटी आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की, ज्यांच्या मुखी ती खरी ठरली असती त्या ती सहसा उच्चारीतच नाहीत.

आपल्या जिल्ह्यातील एखाद्या ख्रिस्ती घराची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. घरातील बाई पाचाच्या आत उठते. पाणी भरणे, अंगण-गोठा झाडणे, धार काढणे, डेअरीची गाडी येण्यापूर्वी दुधाची किटली पोहोचविणे, भाकरी थापणे, मुलांचे डबे भरणे, सासूचे औषध आणि त्यानंतर खुरपणीला किंवा नोकरीला जाणे. हिला वेळ नाही. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची येते म्हणून रात्रभर उसाला पाणी देऊन पहाटे अंथरुणाला टेकलेल्या शेतकऱ्यालाही 'साडेपाचला का उठला नाहीस?' असे विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु त्याच घरात सहाला उठून चहाची वाट पाहत अर्धा तास मोबाइलवर अंगठा फिरविणारी माणसेही असतात. 'वेळ नाही' हे वाक्य बहुधा त्याच बाजूने येते. म्हणजे वेळ घरात आहे; त्याची वाटणी मात्र न्यायाने झालेली नाही. सकाळच्या प्रार्थनेचा प्रश्न मुळात घड्याळाचा नसून या वाटणीचा आहे.

'पूर्वीच्या लोकांना सवड होती' असे एक समाधान आपण करून घेतो. हे पूर्वज कोण होते? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंदळसारख्या गावी जेजुइट धर्मगुरूंनी मिशनकेंद्रे उभारली, तेव्हा ज्यांनी प्रभूचे नाव घेतले ते बहुतांशी भूमिहीन, गावकुसाबाहेरचे, दुसऱ्याच्या बांधावर राबणारे लोक होते. गावे अनेक आणि फादर मोजके. त्यामुळे रोजची प्रार्थना गावातल्या मास्तरांच्या आणि घराघरांतल्या आयाबायांच्या जिवावर चाले. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात माणसे खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर जात होती. ती काही सवडीतली माणसे नव्हती. तेव्हा सवडीमुळे प्रार्थना होत असे, हा इतिहास नव्हे; ही आपण रचलेली सोयीची कथा आहे.

मग त्यांना जमले कसे? उत्तर जात्यापाशी सापडते. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेली बाई दळता दळता ओवी गात असे. तिची प्रार्थना कामातून वेळ काढून होत नव्हती. ती कामावर स्वार होऊन येत होती. ओवीचे सामर्थ्य आपल्या मातीने केव्हाच ओळखले होते. याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरी ओवीत सांगितली गेली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने ख्रिस्तपुराण रचले तेही ओवीतच. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या त्या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या, तेव्हा त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. निरक्षर स्त्रियांनी पहाटेच्या श्रमात केवढे भांडार सांभाळले होते, हे त्यावरून कळावे.

पुढे पिठाची गिरणी आली. फार चांगले झाले. बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, आणि जाते गेले म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी ते तासभर ओढून पाहावे. मात्र जात्याबरोबर ओवीही गेली आणि तिच्यासाठी दुसरे आसन कोणी मांडले नाही.

चर्चमध्येही नकळत असेच घडले. पूर्वी मिस्सा सकाळीच होत असे आणि ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्याला मध्यरात्रीपासून निर्जळी उपवास असे. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली सायंकाळच्या मिस्साला वाट मोकळी केली, १९५७ साली उपवास तीन तासांवर आणला आणि पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये तो एका तासावर आणला. कामकरी माणसावर हे मोठे उपकार झाले. पण सकाळ देवाची असल्याची जी शिस्त त्या जुन्या नियमाने आपोआप लागत होती, तिच्या जागी घराने स्वतःची शिस्त उभी करायला हवी होती. ती आपण केली नाही. वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात सकाळची आणि सायंकाळची प्रार्थना यांना दैनिक प्रार्थनाविधीच्या दोन बिजागऱ्या मानले आणि प्रापंचिकांनाही त्या विधीत सहभागी होण्याचे आवाहन केले. आपल्या घरांच्या दाराची सकाळची बिजागरी निखळून कैक वर्षे झाली. दार एकाच बिजागरीवर लोंबते आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप विद्वानांचा : 'काम हीच प्रार्थना; वेगळी प्रार्थना कशाला?' यात सत्य आहे, पण अर्धे. १८४४ साली फ्रान्समधील व्हाल्स येथे काही तरुण जेजुइट विद्यार्थी मिशनकार्यावर जाण्यास उतावीळ झाले होते आणि रोजच्या अभ्यासाला कंटाळले होते. फादर फ्रान्स्वा झाव्हिए गोत्रले यांनी त्यांना समजाविले की, हा रटाळ दिवसच दररोज देवाला वाहा, म्हणजे तुम्ही आजच मिशनकार्यात आहात. सकाळच्या समर्पण-प्रार्थनेची जगभरची परंपरा तेथून वाढली. काम प्रार्थना होते, ते कोणीतरी ते अर्पण करतो म्हणून. पत्ता न लिहिलेले पाकीट पेटीत टाकले तर ते कोणाला पोहोचणार? सकाळची दोन वाक्ये म्हणजे दिवसाच्या पाकिटावर लिहिलेला पत्ता.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा : 'आम्ही मोबाइलवर प्रार्थना ऐकतो, सकाळी बायबलमधील वचन सगळ्यांना पाठवतो.' पाठवतो खरे, वाचतो का? फुलाच्या चित्रावर छापलेले वचन पन्नास जणांकडे ढकलणे हे टपालखात्याचे काम झाले. मोबाइलवर बायबल वाचणाऱ्याला दोष नाही. आजारी माणसाने त्यावर मिस्सा पाहिली तर ती त्याची सोय आहे. परंतु शेजारच्या खोलीत बसलेल्या आईबरोबर जो 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत नाही, त्याने शंभर लोकांना सुप्रभात कळवून काय साधले?

तिसरा आक्षेप भाविकांचा : 'आम्ही रविवार चुकवत नाही, हरेगावला तर चालत जातो.' सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला लोटणारी गर्दी हे आपल्या समाजाचे वैभव आहे. परंतु ज्या मातेकडे आपण पायी जातो, तिला वर्षातून एकदा भेटणारा पाहुणा हवा की रोज उठून हाक मारणारे लेकरू? रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तो रोजच्या रोज, सकाळी. ऊन तापले की तो वितळून जाई, आणि साठवून ठेवला तर त्यात किडे पडत (निर्गम १६). रविवारची शिदोरी आठवडाभर पुरविण्याचा आपला खटाटोप त्याच जातीचा आहे.

शेजाऱ्यांकडेही जरा पाहावे. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला पहाटे काकड आरती होते. मशिदीतून फजरची अजान उठते आणि मजुरीला जाणारा मुसलमान बांधव तिला ओ देतो. त्यांच्या दिवसालाही चोवीसच तास आहेत.

एक शब्द धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षकांनाही. 'प्रार्थना करा' असे रविवारी व्यासपीठावरून सांगून भागणार नाही. मठातल्या संन्याशाच्या मापाने बेतलेली लांबलचक प्रार्थना धार काढणाऱ्या बाईच्या अंगाला बसत नाही. मग ती स्वतःलाच पापी समजते. तिच्या मापाची प्रार्थना तिला द्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून जी कुटुंबे ऊसतोडीला जातात ती दसरा-दिवाळीनंतर अनेक महिने फडावर, कोपीत राहतात. त्यांतील आपल्या कुटुंबांच्या बोचक्यात एक छोटेसे प्रार्थनापत्र जाते का? वर्षातील एवढे महिने ज्यांचा धर्मग्रामाशी संबंध नाही, त्यांना परतल्यावर गैरहजेरीचा जाब विचारणे हा न्याय नव्हे.

मग करायचे काय? फार थोडे, पण नेमाने. घरातील एका ठरलेल्या कामाला प्रार्थना बांधून टाकावी : गॅस पेटविण्यापूर्वी, धारेला बसण्यापूर्वी, किंवा डबे भरून मुले दारात उभी राहिली की. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, दिवसाचे समर्पण आणि शुभवर्तमानातील दोन ओळी. पाच मिनिटांत होते. प्रार्थना सांगण्याची पाळी रोज वेगळ्याची असावी. आज बापाची, उद्या मुलीची. आणि मुख्य गोष्ट अशी की, त्या पाच मिनिटांची किंमत बाईच्या झोपेतून वसूल होऊ नये. ती बसावी म्हणून चहा दुसऱ्या कोणी ठेवावा, पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणी उचलावा. पुरुषाने पहाटे उचललेला तो हंडाही प्रार्थनेचाच भाग होय. रात्रपाळी करून आलेल्याने आपली सकाळ जेव्हा उगवेल तेव्हा समर्पण म्हणावे. देव घड्याळाचा कारकून नाही.

मार्कने आपल्या पहिल्याच अध्यायात लिहून ठेवले आहे की, आदल्या संध्याकाळी सारे गाव आजाऱ्यांना घेऊन दारात लोटले होते, तरी येशू दुसऱ्या दिवशी मोठ्या पहाटे उठून एकांती प्रार्थनेला गेला. आणि शिष्य शोधत आले तेव्हा सगळे त्याचीच वाट पाहत होते (मार्क १:३५-३७). कामाचा एवढा रेटा आपल्यापैकी कोणाच्या दारात आहे? ज्याला खरोखर वेळ नव्हता, त्याने पहाट राखून ठेवली. ज्यांना तो आहे, त्यांनी निदान 'वेळ नाही' हे शब्द तरी जपून वापरावेत. आणि ज्या माउलीला तो नाही, तिच्या हातचे काम घेऊन तिला आधी तो मिळवून द्यावा.